तीन पेडांची बखर

महाराष्ट्राला इतिहासाचे वेड आहे, हे कोणीही कबूल करील. पानिपतावर भाऊसाहेब शेवटी कोणत्या घोड्यावर बसले होते, या एका मुद्द्यावरून आमच्या आळीतले दोन सख्खे भाऊ बारा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. (घोड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, भाऊ मात्र दोघेही गेले.) आपल्याकडे बखरी आहेत, शकावल्या आहेत, रुमालात बांधलेली दप्तरे आहेत. पण रोज सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान या महाराष्ट्राच्या घराघरांत ज्या लढाया झाल्या, ज्यांत एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगी आणि मध्ये कंगवा असे, त्यांची नोंद एकाही बखरकाराने ठेवलेली नाही. बखरकार पुरुष होते. त्यांना शेंडी होती. शेंडीला गाठ एकच मारावी लागते.

म्हणून हे काम शेवटी माझ्यासारखीच्या अंगावर आले. माझी पात्रता एवढीच, की दहाएक वर्षे माझी वेणी दुसऱ्यांनी घातली, नंतर माझी मी घातली, मग मुलीची घातली आणि आता नातीची कोण घालतो ते मी सोफ्यावर बसून बघते. इतका दीर्घ पुरावा आमच्या त्या दोन भावांपाशीही नव्हता.

आता इतिहास म्हटला की मोहेंजोदडोपासून सुरुवात करावी लागते, नाहीतर लोकांचा विश्वास बसत नाही. तिथे १९२६ साली काशाची एक चिमुकली मुलगी सापडली. कमरेवर हात, हनुवटी वर आणि केस मागे वळवून मानेपाशी बांधलेले. विद्वान तिला नर्तकी म्हणतात. मला तर ती, ‘झाले एकदाचे विंचरून, आता जाऊ का?’ असे आईला विचारणारी कोणाची तरी मुलगी वाटते. तिथून निघावे ते थेट अजिंठ्याला उतरावे. सतराव्या लेण्यात एक राजकन्या आरशात बघत उभी आहे आणि दासी तिच्या शृंगारात गुंतल्या आहेत. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचे. राजकन्येच्या चेहऱ्यावर कमालीची शांती आहे. ती का आहे ते कोणतीही मराठी मुलगी सांगेल. केस दासीच्या हातात आहेत, आईच्या नाहीत.

महाभारतात तर हा विषय फारच आला आहे, फक्त कीर्तनकार तिथे रेंगाळत नाहीत. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीकडे सैरंध्री म्हणून राहिली. सैरंध्रीचे काम काय? राणीची वेणीफणी करणे, उटणी उगाळणे, हार गुंफणे. म्हणजे पाच पराक्रमी नवरे असून अडचणीच्या वर्षात उपयोगी पडली ती वेणीच. त्याच घरात अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवीत होता आणि त्यानेही लांब वेणी घातली होती. पुढे विराटाचा मुलगा रणांगणातून पळत सुटला तेव्हा अर्जुन त्याला धरायला मागे धावला, त्याची ती वेणी पाठीवर उडू लागली आणि कौरवांचे सैनिक हसू लागले, असे व्यासांनी स्पष्ट लिहिले आहे. गांडीव उचलायच्या आधी अर्जुनाला वेणी सांभाळायला लागली! शाळेची घंटा झाल्यावर धावत सुटलेल्या मुलींविषयी व्यासांना निश्चित सहानुभूती होती.

भीमाचे प्रकरण वेगळे. भट्टनारायणाचे ‘वेणीसंहार’ नावाचे संस्कृत नाटक आहे. त्यात अपमानाचा सूड उगवल्याशिवाय द्रौपदी केस बांधत नाही आणि शेवटी भीम रक्ताने माखलेल्या हातांनी तिचे केस बांधायला येतो. डोक्याला खोबरेल लावावे की तिळेल, यावरून आमच्या घरी आई आणि काकू यांच्यात वाद होत; पण गोष्ट या थराला कधी गेली नाही.

संस्कृत कवींना वेणीचा अर्थही नीट ठाऊक होता. नवरा दूर असला की बायकोने केसांचा थाट करायचा नाही, एकच साधी वेणी घालायची आणि तो येईपर्यंत ती सोडायची नाही, असा संकेत होता. अशोकवनातली सीता एकवेणी, मेघदूतातल्या यक्षाची बायको एकवेणी, आणि दुष्यंत पुन्हा भेटतो तेव्हा शकुंतलाही एकवेणीच. सोडायची नाही म्हणजे विंचरायचीही नाही. यक्षाला शापाचे एक वर्ष होते. वर्षभर न सोडलेली वेणी सोडवायची म्हणजे काय असते, ते कालिदासाने लिहिले नाही. तो गुंता त्याने यक्षिणीवर सोडला.

‘वेणी’ हा शब्द आपण नद्यांनाही लावतो. प्रयागला गंगा, यमुना आणि न दिसणारी सरस्वती मिळून त्रिवेणी होते. हीच खरी तिपेडी वेणी: दोन पेड दिसतात, तिसरा आहे असे धरून चालायचे. तिथे वेणीदान नावाचा विधी असतो. काशीयात्रेला गेलेल्या जोडप्यापैकी नवऱ्याने बायकोची वेणी घालायची आणि टोकाचे बोटभर केस कापून संगमात सोडायचे. आमचे काका-काकू तो विधी करून आले, तेव्हा काकांनी गंगाजलाच्या लोट्याभोवती बसून प्रयागची वर्णने केली. काकू काहीच बोलेना. शेवटी आईने विचारले, “कशी झाली हो यात्रा?” तर काकू म्हणाली, “तीस वर्षं झाली लग्नाला. एकदा केसांना हात लावलान् तो कापायला.”

आता देव, राजे आणि काका यांना सोडून आपल्या घरात येऊ. आमचे घर मिरजेला होते. कृष्णेकाठचे गाव, आणि कृष्णेला जुने लोक कृष्णावेणी म्हणत, म्हणजे तिथेही वेणी होतीच. गावाचे नाव दोन गोष्टींसाठी: रेल्वेचे जंक्शन आणि तंबोरे. वडील पहिल्या खात्यात होते. दुसऱ्या खात्याचा संबंध पुढे येईल.

घरी वेणी घालणे हे एक शास्त्र होते आणि त्याची पायरी चुकलेली चालत नसे. आधी तेल. मिरजेची थंडी फार नव्हे, पण खोबरेल तेल चोविसेक अंशांखाली उतरले की गोठते, त्यामुळे डिसेंबरात तेलाची बाटली आमच्याआधी उन्हात जाऊन बसे. मग गुंता. गुंता टोकाकडून सोडवीत वर जायचे असते. मुळापासून कंगवा ओढणाऱ्या बायका स्वभावाने उतावळ्या असतात आणि त्यांच्या मुली लवकर सासरी जातात. मग भांग. भांग नाकाच्या शेंड्याच्या रेषेत पडला पाहिजे म्हणून कंगव्याचे टोक कपाळापासून मानेपर्यंत असे काही फिरे की जमिनीची मोजणी करणाऱ्या भूमापकाने टोपी काढावी. मग दोन्हीकडे तीन-तीन पेड. डावा मधल्यावर, तो आता मधला झाला. उजवा त्या मधल्यावर, आता तो मधला. पाहा, यात कायमचा मधला कोणीच नाही. दर वेळी बाजूचा मध्ये येतो आणि मधला बाजूला जातो, प्रत्येकजण दुसऱ्याला दाबून ठेवतो, आणि म्हणूनच गाठ न मारता सगळे एकत्र राहतात. (आमच्या सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांचा कारभार मला पुढे चटकन समजला तो यामुळे.) निम्म्यावर आले की रिबिनीची घडी पेडांत घालायची, शेवटपर्यंत गुंफायची, मग वेणी उलटी वर दुमडून कानामागे बांधायची आणि फुलाला दोन्हीकडे सारखे कान काढायचे.

या सगळ्या वेळात मुलीने करायचे काय? आईच्या दोन गुडघ्यांत खांदे अडकवून बसायचे आणि पाढे म्हणायचे. आमच्या घरातल्या मुलींचे एकोणतिशीपर्यंतचे पाढे पाठ आणि मुलांचे तेरापासून पुढे धुके, याचे खरे कारण हे आहे. पाढा चुकला की कंगव्याची पाठ डोक्यात बसे. मान हलली तरी बसे. त्यामुळे आपण गणितात चुकलो की भूमितीत, हे कळायला मार्ग नसे.

रविवारी वेणी नसे, न्हाणे असे. शिकेकाई, रिठा, संत्र्याची साल यांचे चुलीवर उकळलेले काळे पाणी, डोळ्यांत जाणारच अशा बेताने ओतलेले. मग शेगडीवरच्या कढईत ऊद, त्यावर टोपली आणि टोपलीवर पसरलेले आमचे केस. दुपारी सगळ्याजणी ओट्यावर केस वाळवीत बसल्या की फणी निघायची. कंगवा आणि फणी यांत फरक आहे. कंगवा शोभेसाठी असतो, फणी शिकारीसाठी. फणीत आलेले केस फेकून द्यायचे नसत. त्यांची गुंतवळे करून कोनाड्यात ठेवायची आणि महिन्यातून एकदा दारावर येणाऱ्या बाईला देऊन सुया किंवा फुगे घ्यायचे. आपल्याच डोक्याच्या मोबदल्यात फुगा मिळतो हा माझा व्यापाराचा पहिला धडा.

आणि महिन्यातले चार दिवस आई वेणी घालीत नसे. आईला कावळा शिवलेला असे. आमच्या लहानपणी मिरजेला कावळे फार होते आणि ते भयंकर नियमित होते. त्या चार दिवसांत आई मागच्या पडवीत बसायची, आम्ही तिला हात लावायचा नाही, तिने आम्हांला लावायचा नाही. मग वेणी कोण घालणार? वडील! वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. गोणीचे तोंड कसे बांधतात हे त्यांनी जन्मभर पाहिले होते आणि तेच त्यांनी आमच्या डोक्याला केले. दोन वेण्यांच्या दोन तऱ्हा. एक कानाजवळ उगवे, एक थेट मानेतून. शाळेत वर्गात शिरले की शेजारची मैत्रीण माझ्या डोक्याकडे एकदा बघे आणि पाटीआडून हळूच विचारी, “कावळा?” मी मान डोलवी. पुढच्या आठवड्यात तिचे डोके तसेच दिसे. घरात जी गोष्ट मोठी माणसे कुजबुजतही बोलत नसत ती सगळ्या वर्गाला मागच्या बाकावरून वाचता येत होती. दहा-अकरा वर्षांच्या पोरी आम्ही, कावळ्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, पण हजेरी मात्र पक्की होती.

ही व्यवस्था १९५५ साली संपली, कारण त्या वर्षी वडिलांची आत्या आमच्याकडे कायमची राहायला आली. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. साठीची, काटक. तांबडे आलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि पदराखाली काही नाही.

इथे मला बखरीचे एक पान मागे उलटावे लागेल. वेणी ही घरातच का राहिली? मुलगे न्हाव्यापुढे बसत. गावात झाडाखाली, नाहीतर ओसरीवर पाट मांडून. मुलीच्या डोक्याला मात्र घराबाहेरचा हात कधी लागायचा नाही. आई, आजी, काकू, मोठी बहीण, फार तर मालधक्क्यावरचे वडील. आमच्यासारख्या घरांत बाईच्या डोक्यापुढे न्हावी येऊन बसे तो एकाच प्रसंगी, आणि त्या प्रसंगी ती विधवा झालेली असे. मग ती साठ वर्षांची असो की बारा वर्षांची. त्याला केशवपन असे भारदस्त नाव होते. भारदस्त नाव दिले की पुष्कळ गोष्टी उरकता येतात.

पण १८९० साली मुंबईत एक गंमत झाली. गंमतच म्हणते, कारण शास्त्री-पंडितांचे वाद वर्षानुवर्षे चालले होते, कायदे होत होते, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदाही होऊन गेला होता, आणि वस्तऱ्याला कोणी हात लावीत नव्हते. तेव्हा जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी शास्त्र्यांना सोडले आणि न्हाव्यांना गाठले. मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. इतका सरळ उपाय कोणत्याही पंडिताला सुचला नव्हता. पोथीत आधार सापडतो. वस्तरा धरायला माणूस लागतो. याच लोखंड्यांनी त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. शाळा-कचेऱ्यांना रविवार होताच, गिरणीला नव्हता. म्हणजे परळ-लालबागच्या चाळींतून बापाच्या देखत मुलींची डोकी धुतली जाऊ लागली असतील, तर त्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. आणि पुन्हा त्याच १८९० सालात पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू करून तीत ‘पण लक्षात कोण घेतो!’ छापायला घेतली, जिच्यात यमूच्या केसांचे शेवटी काय होते ते आमच्या आईने तीनदा वाचून तीनदा पुस्तक मिटून ठेवले होते.

आत्याआजीचा नवरा १९०८ साली गेला. ती तेरा वर्षांची होती. गाव वाईकडचे. मुंबईच्या ठरावाची बातमी अठरा वर्षांत तिथवर पोचली नव्हती, किंवा पोचली असेल तरी न्हावी मिळाला.

तर ही आत्याआजी आमच्याकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी, आईचे चार दिवस आणि वडिलांची गोणी बघून, म्हणाली, “अरे, ते कासरे वळायचं बंद कर. आण इकडे पोरीला.” तिला सोवळे असायचे, म्हणून वेणी तिच्या आंघोळीआधी, पहाटे. कंदील, थंडगार फरशी, आणि मागे तिचे गुडघे. तिने पहिली वेणी घातली आणि मला मिरजेच्या दुसऱ्या खात्याची आठवण झाली. तंबोऱ्याची तार ओढून सुरात आणतात तशी ती पेड ओढायची. भुवया वर चढत, डोळे कानांकडे जात. ‘सा’ लागल्याशिवाय ती थांबत नसे. अलीकडे त्वचेचे डॉक्टर सांगतात की फार आवळून वेणी घातली तर कानशिलावरचे केस मुळापासून सैल होतात आणि कपाळ मागे हटत जाते. माझे कपाळ मोठे आहे. लोक त्याचा बुद्धीशी संबंध लावतात, मी लावू देते.

पण काय वेणी असे ती! सकाळी घातलेली रात्री निजताना तशीच. आणि प्रकार तरी किती. चौपेडी, पाचपेडी, आणि कपाळापासून दोन्हीकडचे केस उचलत-उचलत घट्ट चिकटून खाली येणारी सागरवेणी. हिला आता ‘फ्रेंच’ म्हणतात. फ्रान्सला ती कोणी नेली ठाऊक नाही, आमच्या मागच्या पडवीतून तरी गेली नाही. महिन्याभरात वाड्यातल्या सगळ्या मुली पहाटे रांगेने बसू लागल्या. पूर्वी ज्या बाईचे तोंड सकाळी पाहू नये म्हणत, तिच्यापुढे रोज सकाळी सात मुली पाठ करून बसत. पाठ करून बसायचे, तोंड पाहायचे नाही. तेव्हा शास्त्राचीही अडचण होत नव्हती.

तिने स्वतःच्या केसांविषयी एकदाच सांगितले. माझ्या धाकट्या बहिणीचे केस कुरळे. पेडांतून सारखे सुटायचे. ती चिडून म्हणाली, “माझे केस घाणेरडे आहेत.” आत्याआजीने हात थांबवला नाही. म्हणाली, “माझेही असेच होते. आईच्या हातात राहायचे नाहीत.” आणि पुढचा पेड ओढला. बहिणीने “आई गं!” म्हटले, आणि विषय संपला.

मिरज कर्नाटकाच्या उंबऱ्यावर, त्यामुळे उन्हाळ्यात मुलींना फुलांची वेणी घालायची तिकडची हौस आमच्याकडेही होती. मोगऱ्याच्या कळ्या काडीला नाहीतर केळीच्या सोपाला टोचून, ती पट्टी अख्ख्या वेणीवर शिवायची. खाली गोंडे, वर मूद-राखडी. केवडा मिळाला तर केवडा. यात तीन तास जात. मग मिरवीत फोटोच्या स्टुडिओत. वेणी पाठीवर आणि तोंड पुढे, म्हणून फोटोग्राफर मागे आरसा ठेवायचा, म्हणजे एकाच फोटोत मुलगी पुढून आणि मागूनही. माझा असा फोटो आहे. पुढची मी रडवेली, कारण मान हलवायची बंदी. आरशातली मी अप्रतिम. त्या दिवशी खालची वेणी आत्याआजीने घातली, कारण तिच्याइतकी घट्ट कोणाचीच बसत नसे आणि फुलांचे ओझे सैल वेणीवर टिकत नाही. वेणी झाली तशी ती उठली आणि आत गेली. फुलांना तिने हात लावायचा नव्हता. कोणी ‘जा’ म्हटले नाही, तिनेही काही म्हटले नाही. आईने सुई-दोरा घेतला आणि काकूने कळ्यांचे ताट पुढे ओढले. फोटो बघणारे सगळे फुले बघतात. अजून एकाही कळीने जागा सोडलेली नाही.

मग आला ‘लव्ह इन सिमला’. सिनेमा १९६० चा, त्यात साधनाच्या कपाळावर कापलेल्या केसांची झालर. मुंबईला १९६० साली आलेली गोष्ट मिरजेला पोचायला वेळ लागतो, आणि पोचली की जात नाही. १९६४ साली माझ्या त्याच कुरळ्या बहिणीने, वय वर्षे चौदा, जाहीर केले की आपण साधना कट करणार. नुसता कट नव्हे, मागचे केसही खांद्यापर्यंत. तोवर घरात कंगवा, फणी, तेल, रिबीन या सगळ्यांवर वाद होऊन गेले होते. कात्री प्रथमच आली.

वडील शांत माणूस. गोणी फुटली तरी आवाज चढवायचे नाहीत. ते उभेच राहिले. “या घरात मुलीच्या केसाला कात्री लागणार नाही,” म्हणाले. आम्हांला हसू आले. एवढे काय त्यात? बहिणीने ऐकवलेही, “तुम्ही दर महिन्याला कापून घेता ते?” वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांची आई लवकर गेली, त्यांना या आत्याने वाढवले होते. त्यांनी लहानपणापासून एकच कापलेले डोके पाहिले होते, हे आम्हांला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि तिथे पोचणे यांत त्या वयात बरेच अंतर असते. आई म्हणाली, “लोक काय म्हणतील.” काकू म्हणाली, “उद्या लग्न जमायचं नाही.” वडील नुसते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

दारातून आत्याआजी आली. बहिणीपुढे उभी राहिली. तिने फक्त एक विचारले.

“तुला विचारून कापतायत ना?”

बहीण गोंधळली. “मीच मागे लागलेय,” ती म्हणाली.

“मग काप की. केस तुझे आहेत.” आणि वडिलांकडे वळून, “जा रे तू, धक्क्यावर गाडी लागली असेल.”

केस कापले शेजारच्या मुंबईकर सुनेने, आईच्या शिवणाच्या कात्रीने, मागच्या पडवीत. आत्याआजी खांबाला टेकून शेवटपर्यंत बसली होती. भांग मात्र तिने कोणाला पाडू दिला नाही. “तेवढं तुमच्या सिमल्याला जमायचं नाही,” म्हणाली. कुरळ्या केसांची झालर साधनासारखी सरळ कधी पडली नाही, ती वर उडायची आणि बहीण वर्षभर कपाळावर पाणी लावीत हिंडली. खाली पडलेले केस गोळा करताना आत्याआजीने त्यांचे नीट गुंतवळ केले आणि कोनाड्यात ठेवले. त्या महिन्यात तिला सुयांचे अख्खे पाकीट मिळाले.

बाकीचा इतिहास घाईघाईने सांगितला तरी चालेल, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. रिबिनी गेल्या, रबरे आली. पोनी टेल आली. तिचे कौतुक मला कधी कळले नाही. घोड्याची शेपटी म्हणे! आमच्याकडे लांबसडक जाड वेणीला ‘शेपटा’ म्हणत आले आहेत, आणि ‘काय शेपटा आहे हो मुलीचा’ हे मुलगी पाहायला आलेल्यांचे वजनदार मत असे. म्हणजे शेपटी आमच्या घरची जुनीच, फक्त इंग्रजी झाल्यावर ती गुंफायचे कष्ट गेले. पोनीला पेड नाहीत, भांग नाही, पाढे नाहीत. केस गोळा केले, रबर दोनदा फिरवले, संपले. आई नोकरीला जायला लागली, तिला आठ-दहाची लोकल, मुलीला साडेसातची बस. अशा घरात तीन पेडांना वेळ कुठला? माझ्या मुलीने तिसरीत पोनी धरली ती कॉलेजपर्यंत. तिच्या पिढीला एकोणतिसाचा पाढा येत नाही. मी संबंध जोडते असे नाही.

मग कोपऱ्याकोपऱ्यावर पार्लरे झाली. मुली हसत जातात, खुर्चीत बसतात, ‘इथपर्यंत काप’ म्हणून बोट दाखवतात आणि वर पैसे देतात. मी एकदा मुलीबरोबर गेले होते. समोर भला मोठा आरसा. कात्री चालली होती आणि मुलगी आरशातून माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती. मी तिला म्हटले, “जरा गप्प बस, मला बघू दे.” तिला वाटले मला स्टाईल बघायची आहे.

आता गंमत अशी, की नातीला वेणीच हवी. पोनी नको, कापायचे नाहीत, वेणी, आणि तीही सागरवेणी. नात आठ वर्षांची, केस घरातल्या परंपरेप्रमाणे कुरळे. तिची आई सकाळी सातला घराबाहेर पडते. माझ्या बोटांना संधिवात आहे, पेड धरता येत नाहीत. राहता राहिला जावई. जावई इंजिनियर. त्याने आधी मोबाईलवर बघितले, मग माझ्याकडे येऊन वहीत आकृती काढली आणि विचारले, “तीन पेडांची जाडी समान हवी, की नवे केस घेत जाऊ तशी वाढत जायला हवी?” सत्तर वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, “ओढून बघा. आवाज आला की बरोबर.”

पहिले पंधरा दिवस नातीची वेणी बघून मला मालधक्का आठवला. आता बरी होते. रोज सकाळी सोफ्याच्या कडेवर जावई बसतो, खाली ती. पाढे म्हणायला मीच लावले आहे. बारापर्यंत गाडी आली आहे. परवा मात्र तेराच्या पाढ्यात ‘तेर साते’पाशी ती अडली, आणि मागून जावयाने ‘त्र्याण्णव’ सांगितले. तिने मान वळवली, तेव्हा पेड सुटले, आणि दोघांनी मिळून पुन्हा भांगापासून सुरुवात केली. तिची बस गेली. त्याला तिला स्कूटरवरून सोडावे लागले आणि तिथून तो तसाच कचेरीत गेला. संध्याकाळी आला तेव्हा दोन गुलाबी रबरे दिवसभर त्याच्या मनगटावर होती. साहेबाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ती पाहून विचारले, तर म्हणे तिथल्या आणखी दोघांनी आपापल्या बाह्या वर केल्या.